नोटिशीने गाडी लवकर येत नाही

जिल्ह्याच्या ठिकाणी आरोग्याच्या आढावा बैठकीत १०८ रुग्णवाहिकेचा विषय निघाला की चर्चा बहुधा ठरलेल्या वाटेने जाते. समोर तालुकानिहाय तक्ता असतो. एका रकान्यात मागच्या महिन्यात गाडी पोहोचायला सरासरी किती मिनिटे लागली ते, शेजारच्या रकान्यात या महिन्याचे. ज्या तालुक्याची सरासरी तीन-चार मिनिटांनी वाढलेली असते त्याच्याकडून खुलासा मागवला जातो. जिथे ती तेवढीच घटलेली असते त्याचे कौतुक होते. पुढच्या बैठकीत खुलासा देणारा तालुका सुधारलेला आणि कौतुक झालेला तालुका घसरलेला दिसतो, तेव्हा पहिल्याला नोटिशीचा गुण आला आणि दुसरा कौतुकाने शेफारला असे मानले जाते. या दोन्ही निष्कर्षांना बहुतेक वेळा काहीही आधार नसतो. आकडा वर गेला होता तो नेहमीच्या चढउतारात, आणि खाली आला तोही त्याच चढउतारात.

मराठवाड्यातील आपत्कालीन वैद्यकीय सेवेचा वेळ खरोखर कमी करायचा असेल तर देखरेख आणखी कडक करण्याआधी आकडे वाचण्याची ही सवय बदलावी लागेल, असे माझे मत आहे. ती बदलण्याचे साधन शंभर वर्षांपासून उपलब्ध आहे आणि त्याला सांख्यिकीय प्रक्रिया नियंत्रण म्हणतात. नाव भारदस्त असले तरी त्यातले गणित सातवी-आठवीच्या पलीकडचे नाही.

वॉल्टर शेवहार्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १६ मे १९२४ रोजी, टेलिफोनची सामग्री बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत, आपल्या वरिष्ठांना एका पानाचे टिपण दिले आणि त्यात पहिला नियंत्रण आलेख काढून दाखवला. कोणतीही प्रक्रिया घ्या, तिच्यातून निघणारा आकडा रोज थोडा वरखाली होतोच, हे त्यांचे गृहीत होते. मात्र या चढउताराला दोन वेगळी मुळे असतात. एक मूळ प्रक्रियेच्या रचनेतच असते: रस्ते, गाड्यांची संख्या, कामाची पद्धत अशा अनेक लहान कारणांच्या मेळातून तो रोज उमटतो, आणि कोणा एकाला जाब विचारून तो जात नाही. दुसरे मूळ बाहेरचे आणि वेगळे असते: पूल वाहून गेला, गाडी बंद पडली, दूरध्वनीची यंत्रणा कोलमडली. पहिल्या प्रकारच्या चढउताराला दुसऱ्या प्रकारचा समजून धावपळ करणे आणि दुसऱ्याला पहिला समजून दुर्लक्ष करणे, या दोन्ही चुका महाग पडतात. दोहोंचे मिळून नुकसान कमीत कमी राहावे म्हणून शेवहार्ट यांनी आलेखावर सरासरीच्या वर आणि खाली तीन प्रमाण विचलनांइतक्या (प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरतात याचे माप) अंतरावर दोन मर्यादारेषा आखल्या. १९४७-४८ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून ते भारतातही येऊन गेले होते, म्हणजे हा विचार आपल्याकडे कालपरवा आलेला नाही.

तो मराठवाड्यातही नवा नाही. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयापासून वाळूजची औद्योगिक वसाहत फार दूर नाही. वाळूजमध्ये वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत यंत्राशेजारी असा आलेख लावलेला असतो आणि आयटीआय झालेला ऑपरेटर ठरावीक वेळाने भाग मोजून त्यावर ठिपका देतो. ठिपका मर्यादेच्या आत असेल तर यंत्राला हात लावायचा नाही, बाहेर गेला तर यंत्र थांबवून कारण शोधायचे, एवढे त्याला पक्के ठाऊक असते. एका बुशाच्या व्यासासाठी आपण जी शिस्त पाळतो ती प्रसूतीच्या कळा सुरू झालेल्या बाईपर्यंत गाडी किती वेळात पोहोचली यासाठी पाळत नाही, हे मला केवळ विचित्र नव्हे तर लाजिरवाणे वाटते.

महाराष्ट्रात ही सेवा जानेवारी २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्यांपैकी २३३ गाड्या प्रगत जीवरक्षक साधनांच्या आणि ७०४ मूलभूत साधनांच्या होत्या. फोन पुण्याला औंधच्या नियंत्रण कक्षात लागतो, आणि शहरात २० मिनिटांत, ग्रामीण भागात ३० मिनिटांत गाडी पोहोचावी असा निकष ठेवण्यात आला. २०११ च्या जनगणनेची ११ कोटी २४ लाख लोकसंख्या धरली तर तेव्हा एका गाडीमागे साधारण एक लाख वीस हजार माणसे येत होती. मराठवाड्यात मात्र माणशी गाड्यांइतकाच अंतराचाही प्रश्न आहे. आठ जिल्हे, सुमारे ६४ हजार चौरस किलोमीटरचा प्रदेश आणि २०११ ची लोकसंख्या सुमारे एक कोटी ८७ लाख. वस्ती विरळ, मोठी सरकारी रुग्णालये नांदेड, लातूर, अंबाजोगाई, संभाजीनगर अशी मोजक्या ठिकाणी. आष्टीचा माणूस बीडपेक्षा अहिल्यानगरकडे धावतो आणि उमरग्याचा सोलापूरकडे.

आता एक काल्पनिक तळ घेऊ. तळ म्हणजे गाडी जिथे उभी असते ते ठिकाण, बहुधा ग्रामीण रुग्णालयाचे आवार. तिथल्या प्रत्येक आठवड्याच्या पोहोचवेळांचा मध्यक, म्हणजे वेळा चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढला. सरासरीऐवजी मध्यक अशासाठी की रात्री चिखलात अडकलेली एकच दोन तासांची फेरी सरासरीला ओढून नेते आणि बाकीच्या वीस-पंचवीस फेऱ्यांचे चित्र बिघडवते. समजा, दहा आठवड्यांचे मध्यक २४, २९, २६, ३१, २५, २८, ३०, २३, २७, २७ मिनिटे आले. त्यांची सरासरी २७. लगतच्या दोन आठवड्यांमधले फरक ५, ३, ५, ६, ३, २, ७, ४, ०. त्यांची सरासरी जवळपास ३.९. लगतच्या फरकांवरून तीन प्रमाण विचलनांचे अंतर काढून देणाऱ्या २.६६ या ठरावीक गुणकाने तिला गुणले की १०.३ येतात. म्हणजे वरची मर्यादा ३७, खालची १७. अकराव्या आठवड्यात ३५ मिनिटे लागली तर काय म्हणायचे? आढावा बैठक म्हणेल, एका आठवड्यात आठ मिनिटांची घसरण, निकषाचा भंग, द्या नोटीस. आलेख म्हणेल, या तळाकडून असा आठवडा अधूनमधून येणारच, यात नवे काहीही घडलेले नाही. ४१ आले असते तर मात्र त्याच दिवशी तळावर जाऊन विचारावे लागले असते. तसेच ओळीने आठ ठिपके मध्यरेषेच्या, म्हणजे सरासरीच्या रेषेच्या, एकाच बाजूला पडले, तर एकही ठिपका मर्यादेबाहेर नसला तरी काहीतरी बदलले आहे असे समजावे. दहा आठवडे कच्च्या अंदाजाला पुरतात; वीस-पंचवीस हाती असतील तर रेषा अधिक भरवशाच्या होतात.

या उदाहरणात ३० आणि ३७ हे दोन आकडे शेजारी आले आहेत, आणि सगळा गोंधळ त्यांच्यातच आहे. ३० ही कागदावर ठरवलेली अपेक्षा आहे. ३७ ही त्या तळाने स्वतःच्या कामातून सांगितलेली मर्यादा आहे. अपेक्षा कितीही मोठ्या आवाजात सांगितली तरी मर्यादा खाली सरकत नाही. ती सरकवायची तर गाडीची जागा, कामाची पद्धत किंवा साधने बदलावी लागतात. उलट, एका वाईट आठवड्यानंतर गाडीचा तळ इकडे हलवायचा आणि पुढच्या वाईट आठवड्यानंतर पुन्हा तिकडे, असे केले तर चढउतार घटण्याऐवजी वाढतो. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी नरसाळ्यातून गोट्या टाकण्याच्या प्रयोगाने हेच दाखवले होते: प्रत्येक गोटी पडल्यावर नरसाळे सरकवणाऱ्याचा नेम स्वस्थ बसणाऱ्यापेक्षा वाईट निघतो.

तालुक्यांची क्रमवारी लावण्याच्या हौसेबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत. ३० मिनिटांत पोहोचलेल्या फेऱ्यांचे खरे प्रमाण सर्वत्र ७० टक्केच आहे असे धरा. ज्या तालुक्यात महिन्याला ४०० फेऱ्या होतात तिथे हा आकडा निव्वळ योगायोगाने ६३ ते ७७ टक्क्यांच्या दरम्यान हेलकावे खाईल. पण जिथे ४० फेऱ्या होतात तिथे तो ४८ पासून ९२ टक्क्यांपर्यंत कुठेही पडू शकतो. परिणामी क्रमवारीत पहिला आणि शेवटचा नंबर बहुधा लहान तालुक्यांचा लागतो, मोठे तालुके मधे असतात, आणि लहान तालुक्याचा अधिकारी एका महिन्यात सत्काराला पात्र ठरतो व दुसऱ्या महिन्यात कारवाईला. मर्यादारेषा फेऱ्यांच्या संख्येनुसार रुंद-अरुंद आखल्या की हा तमाशा आपोआप थांबतो.

आलेखाचा खरा उपयोग मात्र पोहोचवेळेचे तुकडे पाडल्यावर कळतो. फोन लागण्यापासून गाडी दारात येईपर्यंत पाच टप्पे असतात: फोन उचलला जाणे, पत्ता व प्रकृती समजणे, गाडी नेमली जाणे, गाडी तळावरून हलणे आणि प्रवास. आपण पाचांची बेरीज पाहतो आणि दोष पाचव्याला, म्हणजे गाडी चालवणाऱ्या पायलटला देतो.

पत्त्याचाच टप्पा घ्या. रात्री अकराला शेतातून फोन जातो. बोलणारा धापा टाकत सांगतो, "पिंपळगावच्या पुढं, आखाड्यावर या, पान लागलंय." म्हणजे शेतातल्या वस्तीवर कोणाला तरी साप चावला आहे. पुण्यात बसलेली मुलगी जिल्हा विचारते, तालुका विचारते. त्या नावाची दोन गावे एकाच तालुक्यात निघतात. "कोणतं पिंपळगाव?" "नदीकडचं." तिच्या यादीत नदीकडचे असे गाव नाही, तिथे पिंपळगावापुढे खुर्द किंवा बुद्रुक लिहिलेले आहे, नाहीतर दुसऱ्याच एखाद्या शब्दाची जोड आहे. मधे फोन तुटतो, ती परत लावते, आता दुसराच कोणी उचलतो आणि पहिल्यापासून सुरुवात होते. गाडी नेमली जाते ती फाट्यापर्यंतच्या अंदाजाने, आणि फाट्यावर आल्यावर पायलट पुन्हा त्याच नंबरवर फोन लावतो. यात किती मिनिटे गेली ते यंत्रणेतल्या नोंदींवरून काढता येते, कारण प्रत्येक टप्प्याची वेळ संगणकात उमटत असते. या एका टप्प्याचा आठवड्यागणिक आलेख काढला आणि तो वाड्या, तांडे, आखाडे वेगळे करून काढला, तर कुठे पायलट आणि फोन करणारा यांची पहिल्याच मिनिटात थेट गाठ घालून द्यायची, कुठे आशा कार्यकर्तीकडून वस्त्यांची स्थानिक नावे मागवून यादीत भरायची, हे ठरवता येईल. या कामाला नवी गाडी लागत नाही.

या पाचांबाहेरचा आणखी एक टप्पा आपण मोजतच नाही, तो म्हणजे गाडी मोकळी होण्याचा. किनवटहून नांदेड शंभर किलोमीटरहून लांब आहे. ग्रामीण रुग्णालयाने रुग्णाला पुढे रेफर केले, गाडी त्याला घेऊन नांदेडला गेली, तिथे अपघात विभागाच्या दारात स्ट्रेचर मोकळे होईपर्यंत थांबली आणि परत आली, तोवर अर्धा दिवस सरलेला असतो. त्या अर्ध्या दिवसात किनवट परिसरातून आलेल्या प्रत्येक फोनला दुसऱ्या तळावरची गाडी धावते आणि उशीर होतो. तक्त्यात हा उशीर किनवटच्या नावावर पडतो. त्याचे कारण नांदेडच्या दारात आणि रेफर करण्याच्या पद्धतीत असू शकते, पण तिथे कोणी आलेख लावलेला नाही. रेफरच्या फेऱ्या आणि घटनास्थळीच्या फेऱ्या एकाच सरासरीत कालवणे ही आपल्या अहवालांतली सर्वांत मोठी चूक आहे, असे मला वाटते.

मराठवाड्याचे ऋतूही आलेखात वाचावे लागतील. ऑक्टोबर-नोव्हेंबरात धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतली कितीतरी घरे ऊसतोडीला निघून जातात; गावात म्हातारे आणि लहान मुले उरतात आणि फोनची संख्या व प्रकार दोन्ही बदलतात. त्याच महिन्यांत कारखान्यांच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्री रिफ्लेक्टरविना चालत असतात. पावसाळ्यात सर्पदंश वाढतात आणि त्याच दिवसांत नळकांडी पुलांवरून पाणी जाते. जून ते सप्टेंबरचा आणि उसाच्या हंगामाचा पाया वेगळा धरला नाही तर दर वर्षी पावसाळ्यात धोक्याची घंटा वाजेल आणि लोक ती ऐकणे सोडून देतील. सप्टेंबर २०२५ मधल्या अतिवृष्टीसारखे दिवस मर्यादा काढताना बाजूला ठेवावेत, पण आलेखावरून पुसू नयेत. ठिपक्याशेजारी कारण लिहून ठेवावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंपात जे घडले तसल्या प्रसंगासाठी हे साधनच नाही, त्याची तयारी वेगळी असते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा आहे की मराठवाड्याला आलेख नकोत, गाड्या हव्यात. अनुशेषाच्या प्रदेशात पुन्हा कागदच वाढवायचे का? आक्षेप घेणाऱ्यांचा संताप मला रास्त वाटतो, निष्कर्ष नाही. एखाद्या तळाचा आलेख वर्षभर मर्यादांच्या आत शांत आहे आणि मध्यरेषा ४२ मिनिटांवर आहे, याचा अर्थ तिथले कर्मचारी आहे त्या रचनेत जे शक्य ते सारे करत आहेत आणि ती रचनाच ३० मिनिटांची नाही. अशा वेळी खुलासा पायलटने द्यायचा नसतो, गाड्यांची संख्या आणि जागा ठरवणाऱ्यांनी द्यायचा असतो. नव्या गाडीची मागणी आज भाषणांतून होते आणि भाषणाने परतवली जाते; वर्षभराच्या स्थिर आलेखाला उत्तर देणे बरेच अवघड जाते. शिवाय गाडी मिळाल्यावर मध्यरेषा खरोखर खाली आली का, हेही तोच आलेख सांगतो. कधीकधी ती येणार नाही, कारण अडचण रस्त्यावर नसून पत्त्यात असेल.

आकड्यांच्या खरेपणाची शंका मला अधिक सतावते. इंग्लंडमध्ये जिवावरच्या प्रसंगांतील ७५ टक्के फोनना ८ मिनिटांत पोहोचण्याचे लक्ष्य होते. २००३ च्या सुमारास तिथल्या तपासणीत काही रुग्णवाहिका संस्थांच्या नोंदींमध्ये आठव्या मिनिटापर्यंत फेऱ्यांची चळत आणि त्यानंतर एकदम दरी असे चित्र आढळले. रस्त्यावरची वाहतूक असे कड्यासारखे वागत नाही; वेळा दुरुस्त केल्या गेल्या होत्या. २०१७ मध्ये तिथे निकष बदलले आणि सर्वांत गंभीर प्रसंगांसाठी सरासरी ७ मिनिटे व दहापैकी नऊ फेऱ्या १५ मिनिटांच्या आत अशी दुहेरी अट आली. आपल्याकडेही दंड आणि नोटिशीची टांगती तलवार असेल तर 'घटनास्थळी पोहोचलो' ही नोंद फाट्यावरच होण्याचा मोह कोणाला होणार नाही? डेमिंग यांच्या चौदा सूत्रांतले आठवे सूत्र कामाच्या जागेवरून भीती हटवण्याचे आहे, आणि त्याचा सांख्यिकीशी थेट संबंध आहे: भ्यालेल्या माणसाने दिलेल्या वेळांवरून काढलेल्या मर्यादा भीतीच्याच मर्यादा असतात. म्हणून मर्यादेच्या आतल्या ठिपक्यासाठी कोणालाही खुलासा विचारायचा नाही, हे लेखी ठरल्याशिवाय हा उपक्रम सुरूच करू नये. वाहनाच्या जीपीएस नोंदीशी पडताळणी ठेवावी, पण तीही वेगळी काढून.

आणि पोहोचवेळ म्हणजे उपचार नव्हे, हेही मान्य केले पाहिजे. हृदय थांबलेल्या माणसाची वाचण्याची शक्यता, छातीवर दाब आणि विजेचा झटका न मिळाल्यास, दर मिनिटाला साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते; त्याच्यासाठी ३० आणि २५ मिनिटांत काही फरक नाही, शेजारच्याला छाती दाबता येते की नाही यात आहे. बाळंतपणातला रक्तस्राव, सर्पदंश, हृदयविकाराचा झटका यांत मात्र गाडी दारात येण्याच्या वेळेपेक्षा योग्य रुग्णालयात योग्य उपचार सुरू होईपर्यंतची एकूण वेळ मोलाची असते. जवळच्या रुग्णालयात नेऊन, तिथून पुन्हा रेफर होऊन गेलेले दोन तास आजच्या पोहोचवेळेच्या तक्त्यात अत्यंत यशस्वी फेरी म्हणून नोंदले जाऊ शकतात. त्यामुळे पहिल्या वर्षी पोहोचवेळेचा आलेख आणि दुसऱ्या वर्षी उपचारवेळेचा, असा क्रम मी सुचवीन. दोन्ही एकदम हाती घेतले तर एकही नीट होणार नाही.

सुरुवात एका जिल्ह्यातून व्हावी, आणि ती बीडमधून झाली तर उत्तम, कारण आष्टीपासून परळीपर्यंत या एकाच जिल्ह्यात डोंगर, ऊसतोड, महामार्ग आणि अंबाजोगाईसारखे मोठे रुग्णालय हे सारे भेटते. पाच-सहा तळ निवडावेत. औंधच्या कक्षाने त्या तळांच्या टप्पानिहाय वेळा दर सोमवारी कच्च्या स्वरूपात जिल्ह्याला पाठवाव्यात, सरासरी काढून नव्हे. आलेख तळावरच, पायलट आणि डॉक्टरांनी, आलेखाच्या कागदावर हाताने काढावा. संगणकाने काढलेला आलेख बैठकीच्या दिवशीच उघडला जातो. शिकवायला वाळूजच्या कारखान्यांतले गुणवत्ता विभागाचे अभियंते बोलावता येतील आणि दोन दिवसांत हे काम होईल. आढावा बैठकीच्या तक्त्यातले मागचा महिना आणि हा महिना हे दोन रकाने काढून टाकावेत व त्यांच्या जागी प्रत्येक तळाचा आलेख लावावा. पहिल्या वर्षात पोहोचवेळ एका मिनिटानेही घटली नाही तरी उपक्रम फसला असे समजू नये. मात्र कोणत्या तळावर पाचांपैकी कोणता टप्पा वेळ खातो, याचे उत्तर वर्षअखेरीस त्या तालुक्यात विचारताक्षणी मिळाले नाही, तर तो खुशाल बंद करावा.